पुष्पलताचा राग आणि मुठीचे तांदूळ

पुष्पलताचा राग आधी हातात उतरायचा, तोंडात मागाहून. कुंभवलीच्या चाळीत तिच्या भांडी घासण्याच्या आवाजावरून शेजारणी ओळखायच्या, आज बळवंतरावांचं काही खरं नाही. बळवंत तिचा नवरा. कापड रंगवायच्या कारखान्यात मशीनवर होता. नखांच्या कडांना कधी निळा रंग, कधी हिरवा. स्वभावानं गरीब, भांडण दिसलं की चप्पल घालून बाहेर पडणारा.

लग्न होऊन ती जतकडून इकडे आली तेव्हा वाटलं होतं, समुद्राजवळ राहायला मिळणार. मिळाली ती कारखान्याच्या भिंतीला टेकलेली खोली, आणि नळाचं पाणी आधी हुंगून मग प्यायची सवय. देवाधर्माचं तिचं थोडक्यात होतं. सकाळी दिवा, गुरुवारी एक फूल जास्त, एकादशीचा उपास. देवाकडे मूल मागून झालं होतं, बरीच वर्षं मागून झालं होतं. ते मिळेना तेव्हा तिनं मागणं बंद केलं. दिवा मात्र बंद केला नाही.

मेघाली घरात आली ती सात वर्षांची असताना. आई गेलेली, बापाचा पत्ता नाही, नातलगांनी हात वर केलेले. अशा पोरीला बालगृहात ठेवण्यापेक्षा एखाद्या घरात वाढू द्यावं, असं बालकल्याण समितीनं ठरवलं. पालघरच्या एका छोट्या संस्थेनं पुष्पलताचं घर पाहिलं, चौकशा केल्या, आणि पोरगी सांभाळायला दिली. दत्तक नव्हे, नुसती सांभाळायला. ‘दोन वर्षं नीट गेली तर दत्तक मागता येईल,’ असं संस्थेच्या भावनाताईंनी सांगितलं होतं. पुष्पलतानं मान डोलावली. मनात म्हणाली, दोन दिवस तर जाऊ देत.

कारण पोरगी पहिल्या दिवशी पलंगाखाली शिरली ती बाहेरच येईना. बळवंत हात धरायला गेला तर कडकडून चावली. भाकरी ताटात वाढली की अर्धी खायची, अर्धी उशीच्या खोळीत. बोलायची नाही. बोलली तर पहिलंच अक्षर जिभेला चिकटायचं, सुटता सुटायचं नाही, आणि मग तोंड लाल करून गप्प व्हायची. शाळेत पोरं चिडवायची. मग शाळाही नको.

त्या दिवसांत देणारे पुष्कळ भेटले. पुष्पलताला त्यांचा अजून संताप येतो. जून आला की दप्तरं वाटणारे. कुणाच्या तरी मुलाचा वाढदिवस म्हणून मोठा केक घेऊन येणारे, अशा सगळ्या पोरांना पालघरला गोळा करून टाळ्या वाजवायला लावणारे, फोटो काढून दुपारी गाडीत बसणारे. घरात मेघालीची चार दप्तरं झाली. पोरगी पलंगाखाली बसलेली असताना चार दप्तरांचं करायचं काय? पुष्पलतानं एकात कांदे भरले.

कामाला आली ती भावना. दर आठवड्याला यायची, पावसातसुद्धा. पालघरहून गाडीनं बोईसर, तिथून शेअर रिक्षा, मग चिखलातून चालत. येऊन काही मोठं करायची नाही. पलंगाशेजारी जमिनीवर बसायची, स्वतःशीच कागदाच्या होड्या करायची. पुष्पलता चिडून म्हणाली, “ताई, हिला बाहेर काढा की.” भावना म्हणाली, “तिला घाई नाही. आपल्याला आहे.” खोळीतली भाकरी बघून पुष्पलता ओरडणार होती, तर तिनं सांगितलं, “ओरडू नका. उलट रोज झोपताना तिच्या उशाशी झाकून एक ताजी भाकरी ठेवा. लपवावी लागणार नाही.” दोन-अडीच महिन्यांत खोळ रिकामी राहू लागली. पुढं भावनानं बोलायला शिकवणाऱ्या एक बाई शोधल्या. त्या दर शनिवारी यायच्या, मेघालीला आरशापुढं बसवून फुंकर मारायला, गाण्याच्या चालीवर वाक्यं म्हणायला शिकवायच्या. पोरगी हळूहळू उलगडली. एकदा बळवंत जेवायला बसला असताना म्हणाली, “प-पप्पा, मीठ द्या.” बळवंत मिठाची बरणी हातात धरून तसाच बसून राहिला.

भावनाचा पगार, तिचं जाणं-येणं, शनिवारच्या बाई हे सगळं चालायचं ते दर महिन्याला न चुकता येणाऱ्या देणगीवर. त्यातला मोठा वाटा बोईसरच्या एका सोसायटीतल्या महिला मंडळाचा. मंडळाच्या मुख्य विजयाताई. नवरा मोठ्या नोकरीतून निवृत्त झालेला, घर ऐसपैस, बोलणं मऊ. केक नाही, फोटो नाही, महिना उलटला की पैसे पोचते. पुष्पलताला या बाईचं फार कौतुक होतं. देवाला दिवा लावताना ती विजयाताईंचंही नाव घ्यायची.

दोन वर्षं झाली. दत्तकाचा अर्ज गेला. समितीपुढं मुलीला एकटीला आत घेतात आणि विचारतात, तुला कुठं राहायचंय? तिनं स्वतःच्या तोंडानं सांगावं लागतं. मेघाली आत गेली आणि जीभ चिकटली. एक अक्षर फुटेना. पाय आपटले, रडली, शेवटी गप्प बसली. समितीतल्या बाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, “घाई नको. थोडे महिने जाऊ द्या, तिला तयार करून आणा.” म्हणजे आता सगळं त्या शनिवारांवर आलं.

त्यातच नवरात्र आलं. विजयाताईंचा फोन आला. “पुष्पलता, अष्टमीला आमच्याकडे कुमारिका असतात. मेघालीला घेऊन ये हं.”

पुष्पलताला काय करू नि काय नको झालं. पिवळा परकर-पोलका शिवून आणला. सकाळी मेघाली न्हाणीत स्वतःच वजरी घेऊन बसली, टाचा घासून घासून लाल केल्या. “पाय धु-धुतात ना तिथं?” असं तिनं आदल्या दिवसापासून किती वेळा विचारलं असेल. पाय धुतात, पुसतात, पायाला हळदकुंकू लावतात, गजरा देतात, नमस्कार करतात, असं पुष्पलतानं सगळं सांगितलं होतं. मोठी माणसं आपल्या पाया पडणार म्हणून पोरगी हसत होती.

हॉलमध्ये पाट मांडलेले, भोवती रांगोळी. पोरी ओळीनं बसल्या. मेघाली मधोमध. तिनं पैंजण काढून हातात घेतले, भिजू नयेत म्हणून, आणि पाय पुढं करून बसली. विजयाताई परात आणि तांब्या घेऊन एकेकीचे पाय धुवायला लागल्या. आतल्या खुर्चीवर त्यांच्या सासूबाई बसलेल्या. त्या काहीतरी पुटपुटल्या. ‘कूळ ना मूळ’ एवढं पुष्पलताला ऐकू आलं. विजयाताईंचा हात किंचित थांबला. मग परात मेघालीच्या पायांपुढून सरकली आणि पलीकडच्या मुलीपाशी गेली.

“हिला आपण नुसतं कुंकू लावू हं,” विजयाताई हसून म्हणाल्या.

मेघालीनं पाय लगेच मागं घेतले नाहीत. तिला वाटलं, परात फिरून परत येईल. ती तशीच बसली, पुढं पाय करून, पैंजण मुठीत धरून. ओळ संपली. परात आत गेली. मग तिनं परकर ओढून पाय झाकले.

पुष्पलता दाराशी उभी होती. राग हातात आला, पण घर दुसऱ्याचं, हातात काही नव्हतं. आणि तोंड उघडावं तर डोळ्यापुढं शनिवारच्या बाई दिसायला लागल्या. जेवताना विजयाताईंनी मेघालीला सगळ्यांच्या आधी वाढलं, फ्रॉक दिला. “आमची मेघाली मध्ये उभी राहू दे,” म्हणत एक फोटोही काढला. आजवर कधी काढला नव्हता तो.

रिक्षात मेघाली पाय सीटवर घेऊन, पोटाशी धरून बसली. घरी आल्यावर विचारलं, “आई, माझे पा-पाय घाण होते का?”

“नव्हते,” पुष्पलता म्हणाली. ती मोरीत गेली आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासायला घेतली.

बळवंत कामावरून आला, आवाज ऐकला, दारातच उभा राहिला. सगळं ऐकून म्हणाला, “जाऊ दे की. बाई एवढं देतीया.”

“देतीया म्हणून काय पोरगी विकत घेतली तिनं?”

“तसं न्हाय गं. आता अर्ज अडकलाय, शिकवणी चाललीय. आपलं काम होऊ दे, मग काय बोलायचं ते बोल.”

“काम झाल्यावर बोलायला काय, कुत्रंसुद्धा भुंकतंय.”

बळवंतनं चप्पल घातली.

दसरा होईपर्यंत ती गप्प राहिली. सणात कुणाच्या घरी जाऊन तमाशा करायचा नाही, एवढं तिचं तिनं पाळलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. विजयाताई पाट पुसून माळ्यावर चढवायला काढत होत्या.

“ये, बस. चहा टाकू?”

“नको. विजयाताई, अष्टमीला परात मेघालीपुढनं तशीच पुढं का गेली?”

विजयाताईंनी पाट खाली ठेवला. “अगं, ते होय. सासूबाईंचं असतं ना जुन्या वळणाचं. या वयात त्यांना कुठं दुखवायचं?”

“मग बोलावलं कशाला?”

“आपुलकीनं बोलावलं. पहिलं ताट तिला वाढलं. फ्रॉकसुद्धा बाकीच्यांपेक्षा भारी दिला मी तिला, बघितलास ना?”

“बघितला. भारी होता म्हणून तर समजलं.”

विजयाताईंचा आवाज तरीही मऊच होता. “पुष्पलता, तू रागात आहेस. पण विचार कर. आमचं मंडळ इतकी वर्षं देतंय. एक महिना चुकला नाही, लोकांची कामं बंद होती तेव्हासुद्धा नाही. मेघालीची शिकवणी कुणामुळं चालते?”

“तुमच्यामुळं. म्हणून तर आले. तुम्ही काही देत नसता तर मी तुमचा उंबरा चढले नसते. परक्या बाईनं हडतहुडत केलं असतं तर पोरगी विसरली असती, मीपण विसरले असते. तुमचं मीठ तिच्या पोटात आहे, ताई. तुमच्या पैशानं तिची जीभ सुटायला लागली. त्या पोरीला तुम्ही सगळ्यांदेखत सांगितलंत, की तू जेवायच्या लायकीची आहेस, पाय धुवायच्या नाहीस.”

“आता काय, धुऊ का तिचे पाय? आण तिला.”

“नको. देणाऱ्याचा हात वर असतो, मान्य आहे. म्हणून तो घेणाऱ्याच्या डोक्यावर दाबूनच ठेवायचा, असं कुठं लिहिलंय? तो फोटो तुमच्या मंडळाच्या ग्रुपवर टाकलाय, तो काढून टाका. आणि सासूबाईंना मधे घालू नका. परात तुमच्या हातात होती.”

एवढ्यावर मऊपणा संपला. विजयाताई म्हणाल्या, “बरं झालं तोंडावर बोललीस. मंडळाला विचारते, पुढं द्यायचं की नाही ते.”

मंडळाला विचारायला वेळ लागला नाही. पुढच्या महिन्यात पैसे आले नाहीत. शनिवारच्या बाई दिवाळीला गेल्या त्या संस्थेनं परत बोलावल्याच नाहीत, बोलावणार कशाच्या जोरावर? भावनाच्या हाताखालच्या मदतनीस मुलीला काढावं लागलं. भावनाच्या फेऱ्या निम्म्यावर आल्या.

पालघरला दर बुधवारी अशी पोरं सांभाळणाऱ्या घरांची बैठक व्हायची. बेटेगावची अर्चना दोन भाऊ सांभाळत होती. थोरला अंगावर धावून जायचा, त्याच्यासाठी भावनाचं येणं म्हणजे औषध होतं. अर्चनानं पुष्पलताला आत येऊ दिलं आणि मग सगळ्यांसमोर धारेवर धरलं.

“झालं समाधान?”

“तुझ्या पोराचे पाय असते तर?”

“तर गिळलं असतं. आजवर काय काय गिळलंय, तुला काय सांगू. राग परवडायला लागतो, पुष्पे. तुला परवडला. माझ्या पोरानं काल धाकट्याचं डोकं भिंतीवर आपटलं.”

पुष्पलतानं भावनाकडं पाहिलं. भावना काही दिवसांत वाळली होती.

“ताई, तुम्ही तरी सांगा. मी चुकले?”

“चुकला नाहीत,” भावना म्हणाली. “पण बरोबर असून मी रिक्षाचे पैसे कुठून देऊ? दप्तरं द्यायला आजही लोक तयार आहेत. काल एकाचा फोन आला, शंभर छत्र्या देतो म्हणे, डिसेंबरात. मला छत्र्या नकोत. मला थोडं पाहिजे, पण दर महिन्याला पाहिजे. मूल रोज जेवतं. दर आठवड्याला घाबरतं. त्याला एकदाच मोठ्ठं देऊन काय करायचं? आणि चुकलंच असेल तर माझं चुकलं. एकाच दाराला सगळा भार टेकवून ठेवला.”

त्या दिवशी घरी येऊन पुष्पलतानं दिवा लावला आणि लग्नानंतर पहिल्यांदा देवाला चार शब्द सुनावले. तुझंच नाव घेऊन पाय धुतात, तुझ्याच नावानं टाळतात, आणि तू पाटावर बसून बघतोस, असं काहीबाही. सुनावून झाल्यावर भाताला तांदूळ घेतले. धुवायच्या आधी हात आपोआप थांबला. जतला तिची आई रोज रांधण्याआधी एक मूठ धान्य बाजूच्या गाडग्यात टाकायची, देवळातल्या जेवणासाठी. दुष्काळातसुद्धा टाकायची, मूठ लहान करायची पण टाकायची. पुष्पलतानं रिकामा डबा काढला आणि त्यात मूठ टाकली. मग शेजारच्या दारावर थाप मारली.

ती मागायला गेली असं म्हणता येणार नाही. मागणारी बाई नरम असते. ही दारात उभी राहून भांडल्यासारखं सांगायची, “रोज भात करता ना? एक मूठ बाजूला काढायची. पुनवेला मी नेणार. पैसा नको.”

“कशासाठी गं?”

“दुसऱ्याची पोरं घरात घेऊन वाढवतात त्यांच्यासाठी.”

“गणपतीची वर्गणी दिली की यंदा.”

“गणपती दहा दिवस जेवतो. पोरं बाराही महिने.”

कुणी हसलं, कुणी तोंडावर दार लावलं. पलीकडच्या खोलीतली बिहारची बाई पदर सावरत म्हणाली, “चावल ही ना? एक मुट्ठी से का होगा, भाभी, दो ले जाओ.” पुष्पलता म्हणाली, “एकच. पण रोज. दो दिन देके तिसरे दिन बंद नहीं चलेगा.” तिच्या हिंदीला चाळ हसली, पण डबे मात्र ठेवले गेले. पुढच्या चाळीतही ठेवले गेले.

पहिल्या पुनवेला पोतं भरलं. पुष्पलतानं अभिमानानं ते वाटून पोरं सांभाळणाऱ्या चार घरी पोचवलं. दुसऱ्या दिवशी अर्चनाचा फोन.

“हे काय पाठवलंस? भात म्हणावा तर खाली पेज, वर खडे.”

झालं होतं असं, की कुणाच्या डब्यात रेशनचा, कुणाच्या डब्यात कोलम, कुणाचा जुना, कुणाचा नवा, कुणाचा उकडा. पुष्पलतानं सगळे एकाच पोत्यात ओतले. एक तांदूळ शिजून गळला तरी दुसरा कच्चाच. जतकडच्या बाईला ज्वारी कळते, तांदळाची जात कोण शिकवणार? चाळीत बोभाटा झाला. ज्यांनी दार लावलं होतं त्यांना तर पर्वणीच.

बोईसरच्या बाजारात केळव्याच्या रत्नाबाई बसायच्या. घरची वाडी, त्यातली केळी, अळू, नारळ, सुपारी. पुष्पलता नेहमीची गिऱ्हाईक. त्या दिवशी ती चारही घरांतून परत आणलेले तांदूळ घेऊन वाण्याशी हुज्जत घालत होती, हे मिसळलेलं पोतं घे आणि एका जातीचे तांदूळ दे म्हणून. वाणी पोत्याला हात लावायला तयार नव्हता. रत्नाबाईंनी बसल्या जागेवरून सगळं ऐकलं आणि तिला हाक मारली.

“अगो, हिकडं ये. एवढी कशाला ओरडते? दलून आन.”

“काय?”

“तांदूळ गो. चक्कीवर ने, पीठ कर, भाकऱ्या थाप. पिठाला कोन इचारतो, तू कोलम का उकडा? तुमी घाटावरची मानसं, तांदूळ दिसला का पातेलं चढवता. आमी जलमभर तांदलाची भाकरी खातो, ती काय येडी म्हनून?”

पुष्पलता तिथंच पोत्यावर बसली आणि बऱ्याच दिवसांनी हसली. हसता हसता रडायला आलं, तेव्हा रत्नाबाईंनी सगळं विचारून घेतलं. परातीचं ऐकल्यावर म्हातारी थोडा वेळ सुपाऱ्या उगाच वरखाली करत राहिली.

“त्या बाईचं नाव नको सांगूस,” ती म्हणाली. “माज्या तोंडाचा भरवसा नाय. हे बघ, आमच्या वाडीत एक माड देवाचा हाय. सासऱ्यानं सोडलेला. त्याचं नारल आमी इकून खात नाय, देवलात देतो. आता देवलात नारलांचा ढीग पडतो, तिथं पुजारी इकतो. नारलांचा पाडा उतरवला का त्या माडाचं नारल तुज्या पोरीच्या मास्तरीनला. दर पाड्याला. मी मेली तरी सून देल, तिला सांगून ठेवते.”

“देव रागवायचा नाही ना?”

“रागावला तर माज्याकडं पाठव.”

पुनवेचं पीठ चार घरांत जाऊ लागलं. त्यामुळं किराण्याचे जे पैसे संस्थेला वाचले, त्यात माडाच्या नारळांची भर पडली. केळव्यात रत्नाबाईंनी आणखी दोन वाडीवाल्यांना असं काही टोचून बोलून घेतलं, की त्यांनीही एकेक माड सोडला. शनिवारच्या बाई पुन्हा यायला लागल्या, आधी महिन्यातून दोनदा, मग दर शनिवारी. मंडळाच्या देणगीएवढं काही ते नव्हतं. भावनाची मदतनीस परत ठेवता आली नाही. अर्चनाचा थोरला अजून भिंतीवर डोकी आपटत होता. म्हणून पुष्पलताला या सगळ्याचा आनंद पुरता झालाच नाही. एका बाईचा हात परातीवर अडखळला आणि भोगलं कुणी, हा हिशेब तिला सुटत नव्हता.

थंडी सरत आली तेव्हा एका बुधवारी पालघरला बैठकीत विजयाताई आल्या. बरोबर मंडळाच्या दोघी. त्या दिवशी रत्नाबाईही नारळ पोचवायला आल्या होत्या. बैठकीत सगळ्यांसाठी त्या पिठाच्या भाकऱ्या आणि वालाची उसळ होती, मेघाली आणि बाकीची पोरं वाढत होती.

विजयाताई भावनाला म्हणाल्या, “मंडळानं ठरवलंय. पूर्वीसारखं सुरू करू. मधले महिनेही धरून आणलेत. झालं गेलं विसरून जाऊ.”

भावनानं पुष्पलताकडं पाहिलं. अर्चनानंही पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांत जे होतं त्याला भीक म्हणत नाहीत, पण फार लांबचंही नव्हतं.

“घ्या, भावनाताई,” पुष्पलता म्हणाली. “पोरांचं आहे ते. माझ्या रागाचं त्यांनी का सोसायचं? आणि मंडळात वीस-पंचवीस बायका आहेत. सगळ्यांनी काही परात धरली नव्हती.”

मेघाली ताटली घेऊन विजयाताईंपुढं आली. ताटलीत अर्धी भाकरी, उसळ.

“नको गं राणी, मला उपास आहे,” विजयाताई म्हणाल्या.

“आज कसला?” रत्नाबाईंनी कोपऱ्यातून विचारलं.

“बुधवारचा.”

“बुदवारचा काय. नवीनच निंगालाय वाटतं. आमच्या केलव्यात आजून पोचला नाय.”

कुणीतरी फिसकन हसलं. विजयाताईंच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी ताटली घेतली, मांडीवर ठेवली, आणि एक तुकडा मोडून हातात धरला. खाल्ला नाही, टाकलाही नाही. मग मेघालीकडं बघून, खरंच मनापासून असेल, म्हणाल्या, “पुढच्या अष्टमीला ये हं माझ्याकडे. तुझा पाट पहिला मांडीन. झालं गेलं विसरलीस ना तू?”

पुष्पलता उठणारच होती. हात शेजारच्या रिकाम्या पातेल्यावर गेलासुद्धा होता. अर्चनानं तिचं मनगट धरलं. “थांब,” ती हळूच म्हणाली, “तुला नाही विचारलं.”

मेघाली तशीच समोर उभी राहिली. तोंड उघडलं, पहिलं अक्षर अडकलं. तिनं शनिवारच्या बाईंनी शिकवलेली फुंकर मारली, खांदे खाली सोडले, आणि चालीवर म्हणावं तसं सावकाश म्हणाली, “मी नाही वि-विसरले. मला पुढच्या वर्षी बोलावू नका. पैसे द्या. दादाला द्या.”

दादा म्हणजे अर्चनाचा थोरला. तो उसळीचं पातेलं धरून उभा होता. आपलं नाव कशाला निघालं ते न कळून त्यानं मान खाली घातली.

विजयाताई “बरं,” एवढंच म्हणाल्या. त्यांनी हातातला तुकडा तोंडात घातला, कसाबसा गिळला आणि उठल्या. पाकीट टेबलावर तसंच ठेवलं. पुढच्या महिन्यात पैसे वेळेवर आले, त्याच्या पुढच्याही. त्या स्वतः मात्र पुन्हा आल्या नाहीत.

घरी जाताना गाडीत पुष्पलताचं डोकं अजून तापलेलंच होतं. ‘विसरलीस ना’ असं विचारायची हिंमत कशी होते माणसाची, ती पुटपुटत होती. मेघाली खिडकीशी बसून बाहेर बघत होती.

“आई,” ती म्हणाली, “समितीच्या बाईंकडं क-कधी जायचंय?”

“पुढच्या महिन्यात.”

“उद्या नाही जाता येणार?”

पुष्पलता म्हणाली, “भावनाताईंना विचारते,” आणि फोनमध्ये नंबर शोधू लागली.